गेज

निकष दोन, उपनिकष तीन:
'विद्यार्थ्याला शेवटी काय येतं?'
तीन रात्री मी या चौकटीपाशी बसलोय.
शंभर शब्द मावतात.
एकशे एकावा टाकला की कडा तांबडी होते.

बाहेर मुजावर कुंड्यांना गेरू लावतोय.
उद्या समिती.
एक बाई तिबिलिसीच्या, एक गृहस्थ आक्राचे,
तिसरे कोलंबोहून, पोटाच्या पथ्यासकट.
सहा देशांनी मिळून एकच फूटपट्टी केलीय म्हणे,
आणि तिच्यावर मापायला काढलंय
आमचं उद्यमनगरच्या पाठचं कॉलेज,
जिथं लोलक सोडला
की शेजारच्या पॉवर हॅमरनं टेबल हादरतं
आणि गुरुत्वाकर्षण
दर बॅचला थोडं वेगळं येतं.

प्राचार्य म्हणाले, इंगवले, जरा मोठं लिहा.
किती मोठं, सर?
त्यांनी दोन्ही हात पसरले,
नदीवरून आलेला माणूस माशाचं सांगतो तसे.

कागद उडू नयेत म्हणून
वर निहालचं गेज ठेवलंय.
निहाल शिकलगार, बी.एस्सी., फिजिक्स.
सकाळी माझ्या तासाला,
दुपारी दोनपासून शिरोलीला,
व्हॉल्व्हच्या भोकांत हे घालून बघायला.
झिजलं म्हणून कारखान्यानं काढून टाकलं,
त्यानं मला आणून दिलं.

'सर, हे टोक गो. गेलंच पाहिजे.
हे नो-गो. जाता कामा नये.
दोन्ही गेली तर भंगार.
दोन्ही अडली तर परत लेथवर.
मधी जी सूट राहती नव्हं, केसाच्या निम्म्यानं,
तेवढ्यात सगळं बसवायचं असतंय.'
आणि मग, दारातून मागं वळून,
'मापाचं पण माप काढाय लागतंय, सर.
वर्षातनं एकदा पुण्याला जातंय.
न्हाईतर खोट्यालाच पास करत बसतंय.'

त्यानं पास केलेला व्हॉल्व्ह
हाम्बुर्गला उतरतो.
तिथला कोणी असलंच गेज घालतो,
मान हलवतो,
पेटी पुढं जाते.

निहाल गेला नाही.
त्याच्या पदवीवर तिकडून पत्र आलं, दोन ओळींचं:
'सदर संस्थेचा दर्जा निश्चित करण्याचं साधन
आमच्याकडे उपलब्ध नाही.'
नापास म्हणाले असते
तर पोरगं भांडलं तरी असतं.

समिती आली. फेटे झाले. फिल्म दाखवली,
तीत आमची बाग खऱ्यापेक्षा हिरवी होती.
आक्राच्या गृहस्थांनी ग्रंथालयात
सरळ मागच्या कपाटाला हात घातला,
पुस्तकांवरची धूळ बोटानं पाहिली,
आणि काही न लिहिता बोट रुमालाला पुसलं.
आमच्याकडेही असंच आहे, असं काहीसं
त्यांच्या चेहऱ्यावर होतं. किंवा मला वाटलं.

तिबिलिसीच्या बाई माझ्या टेबलापाशी थांबल्या.
हे काय?
मी सांगितलं, निम्मं इंग्रजीत, निम्मं हातांनी.
त्यांनी बोटातली अंगठी काढून
एका टोकावर चढवली. उतरली.
दुसऱ्यावर चढवली. तीही उतरली.
'भंगार,' मी म्हणालो, आणि जीभ चावली.
त्या मोठ्यानं हसल्या.
अंगठी परत घालता घालता म्हणाल्या,
ब्याण्णव साली मलाही आलं होतं असं पत्र.
दोन ओळींचंच.
अजून आहे माझ्याकडे.

कोलंबोच्या सरांनी घड्याळ पाहिलं.
पुढची खोली संगणकाची होती.

चौकट रात्री बारापर्यंत उघडी.
मी नव्याण्णव शब्द पुसले,
ज्यांत 'सर्वांगीण' चारदा होतं,
आणि लिहिलं:
आमच्या विद्यार्थ्याला चूक किती चालेल हे सांगता येतं.
पाठवलं. कडा तांबडी.
'किमान पन्नास शब्द आवश्यक.'

रात्रपाळीचा हॅमर सुरू झाला होता.
पडद्यावरची उभी रेघ
तेवढ्या सुटीत थरथरत होती.
मी पुढं लिहायला घेतलं:
शेजारी हे एवढं चालू असतानासुद्धा,